प्रीतीची खतावणी

प्रेम या शब्दाचे आपण मराठी माणसांनी फार हाल केले आहेत. सिनेमाच्या पोस्टरवर तो, टेम्पोच्या पाठीमागे तो, आहेराच्या पाकिटावर तो आणि निवडणुकीच्या पत्रकात 'आपल्या प्रेमाचा भुकेला' म्हणून सही करणाऱ्या उमेदवाराच्या नावावरही तोच. इतक्या हातांतून फिरलेली नोट चालते, पण तिच्यावरचा आकडा दिसेनासा होतो. मराठी बायबलमध्ये बहुतेक ठिकाणी 'प्रीती' हा शब्द आहे. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत तो अजून बोलण्यात आहे. 'त्याच्या अंगी प्रीती नाही,' एवढे एखाद्या म्हातारीने म्हटले की त्या माणसाचा निकाल लागला, मग तो मंडळीचा पंच असो की खुद्द पाळकसाहेब असोत.

या प्रीतीची पहिली अडचण अशी की ती आज्ञा म्हणून येते. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांना एकमेकांवर प्रीती करण्याची आज्ञा दिली, आणि डोंगरावरच्या प्रवचनात तर वैऱ्यावरही प्रीती करायला सांगितले. तेहेतीस वर्षे मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. तिथे परिपत्रकाने काय वाटेल ते बदलता येई. कामाची वेळ, व्याजाचा दर, शाखाधिकाऱ्याचे गाव. पण मॅनेजरविषयी माया वाटू द्यावी असे परिपत्रक कधी आले नाही. माया हुकमाने येत नाही, हे मुख्य कार्यालयालाही कळत होते. मग देवाला एवढे कळू नये?

कळत असावे. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'अगापे' आहे, आणि तो आज्ञेच्या रूपात येतो तिथे पुष्कळदा पुढे काहीतरी करायला सांगितलेले असते. भुकेल्या वैऱ्याला जेवू घाला, शाप देणाऱ्याचे भले मागा, परक्याला घरात घ्या. वाटणे हे आपल्या हातात नसते, वागणे असते. आज्ञा वागण्याची आहे. वाटणे मागाहून आले तर आले, नाही आले तरी भुकेला जेवून गेलेला असतो.

बायबलमधल्या प्रीतीच्या ज्या प्रकरणाची वाक्ये आज लग्नपत्रिकांवर सोनेरी शाईत छापतात, ते करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचे तेरावे प्रकरण. नवरा-नवरी वेदीपाशी उभी असताना ते वाचायची प्रथाच पडली आहे. ऐकायला ते गोडच आहे. पण पौलाने ते लग्नासाठी लिहिले नव्हते. करिंथ हे ग्रीसमधले व्यापारी शहर, दोन बाजूंना दोन बंदरे असलेले. तिथल्या लहानशा मंडळीत भांडणे माजली होती. तट पडले होते, भाऊबंद एकमेकांना कोर्टात खेचत होते, आणि एकत्र भोजनाला जमले की पैसेवाले आधी खाऊन घेत व गरीब उपाशी राहत. हे सगळे त्याच पत्रात आधी आलेले आहे. सुमारे इसवी सन 55 मध्ये पौलाने हे खरमरीत पत्र धाडले आणि रागवता रागवता त्यात प्रीतीचे वर्णन केले. म्हणजे ते प्रकरण भाऊबंदकीच्या बैठकीत वाचावे असे आहे. लग्नात वाचतात तेही एका अर्थी बरोबरच म्हणा. भाऊबंदकीची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते.

त्या प्रकरणात एक बारीकसा शब्द आहे. प्रीती काय काय करीत नाही याची यादी देताना पौल म्हणतो की ती वाइटाची नोंद धरीत नाही, असा त्याचा आशय. तिथे त्याने वापरलेले ग्रीक क्रियापद 'लॉगिझोमाई' हे हिशेबनिसाच्या पेढीवरचे आहे. रक्कम मोजणे, खात्यावर मांडणे, नावे टाकणे, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. एका जुन्या पाळकसाहेबांनी मला हे सांगितले तेव्हा मी बँकेत लेजर लिहीत होतो. तेव्हापासून बायबल वाचताना माझा एक डोळा हिशेबनिसाचा राहिला, आणि त्या डोळ्याला फार गोष्टी दिसल्या.

लहानपणापासून म्हणत आलेल्या प्रभूच्या प्रार्थनेचेच पाहा. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाठात आपण देवाकडे क्षमा मागतो ती ऋणांची. मराठी भाषांतरातही 'ऋण' हाच शब्द आहे. त्याच मत्तयाने सांगितलेला एक दाखला आहे. एका राजाच्या चाकराकडे दहा हजार तालांत येणे निघते. तो पाया पडतो, राजा सगळे कर्ज सोडून देतो. बाहेर पडल्यावर या चाकराला दुसरा एक चाकर भेटतो, ज्याच्याकडे त्याचे शंभर दिनार येणे असते. हा त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात घालतो. आता आकडे मांडू. एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर दोन लाख वर्षांची कमाई. एवढे कर्ज कुणा चाकराला कोणी दिले, तारण काय घेतले, असले प्रश्न लेखापरीक्षकाने विचारावेत. दाखला सांगणाऱ्याला फेडता न येणारा आकडा हवा होता. आणि शंभर दिनार? तेही काही चिल्लर नाहीत. गरिबाची तीन-चार महिन्यांची मजुरी. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो. आपले जे बुडाले ते क्षुल्लक होते, असे येशू म्हणत नाही. खरोखर बुडालेले असते, घाव खरोखर लागलेला असतो. आकडा लपवून क्षमा होत नाही.

बँकेत बुडीत कर्जाचे काय होते हे पुष्कळांना ठाऊक नसते. वर्षानुवर्षे वसूल न होणारे कर्ज आम्ही बुडीत खाती टाकतो, 'राइट ऑफ' करतो. ताळेबंदातून ती रक्कम नाहीशी होते. पण ती हवेत विरत नाही. तेवढी रक्कम बँकेच्या नफ्यातून वजा झालेली असते. म्हणजे कुणीतरी ती भरलेली असते. दुसरी गंमत अशी की राइट ऑफ केले म्हणजे माफ केले असे मुळीच नाही. एका निराळ्या रजिस्टरात ते नाव राहते आणि वसुलीचा प्रयत्न चालू राहतो. कर्जदार दहा वर्षांनी दिसला तरी शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्याला ओळखतात.

माझ्या मते घराघरांतली बहुतेक क्षमा या जातीची असते. वरच्या वहीतून काढलेली, आतल्या वहीत ठेवलेली. आपल्याकडे लग्नातल्या आहेराची वही जपून ठेवतात. कुणी किती पाकीट दिले, कुणी साडी दिली आणि ती कशी होती, हे त्यात असते, आणि त्यांच्या घरचे कार्य निघाले की ती वही उघडते. तिच्यात न लिहिलेल्या नोंदी आणखी असतात. अमुक साली थोरल्या जावेने आईला पंगतीत बसा म्हटले नाही. वाटणीच्या वेळी धाकट्याने विहिरीकडचा तुकडा घेतला. वडील दवाखान्यात होते तेव्हा कोण आले आणि कोण नुसते फोनवर विचारून मोकळे झाले. 'मी तर केव्हाच सोडून दिलं,' असे म्हणून माणूस तारखेसकट सगळे सांगतो. आमच्या ख्रिस्ती घरांत हे कमी असते असे कुणाला वाटत असेल तर त्याने नाताळच्या फराळाची ताटे कुणाकुणाच्या घरी जातात आणि कुणाच्या गल्लीवरून वळसा घालून जातात ते पाहावे.

मग विसरून जाणे म्हणजे प्रीती काय? तसेही मला वाटत नाही. इथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन गेली. नवऱ्यापासून दूर, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या बाईने पुढची जवळजवळ पाच वर्षे काढली, मग त्या त्यांच्याकडे परतल्या, आणि 1900 साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. 1934 पासून भागाभागांनी निघालेल्या 'स्मृतिचित्रे'त हा सगळा हिशेब आहे. टिळकांचा राग, त्यांचा लहरी स्वभाव, हातात येईल ते दुसऱ्याला देऊन टाकण्याची त्यांची सवय आणि त्यापायी घरात पडलेले खड्डे, काहीही त्या विसरलेल्या नाहीत. पुस्तक लिहायला घेतले तेव्हा टिळक जाऊन बरीच वर्षे झाली होती. पण एकेक नोंद जागच्या जागी आहे. आणि तरी पुस्तकभर वसुलीचा एक शब्द नाही. उलट वाचणारा हसून हसून बेजार होतो. लक्षात ठेवणे आणि वसूल करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला या बाईने शिकवले. धर्मशास्त्राच्या पुस्तकांनी नाही.

टिळकांच्या दातृत्वाविषयी मात्र माझे एक म्हणणे आहे, आणि ते त्यांच्या थोरवीला धक्का न लावता मांडता येते. घरातला कर्ता प्रीतीने दोन्ही हातांनी देतो तेव्हा ते पैसे कुणाच्या खात्यातून जातात? रात्रीचे पीठ पुरवायचे कोणी? व्यासपीठावरून क्षमेचे आणि सोसण्याचे धडे देतात, आणि ते धडे गिरवण्याची पाळी बहुधा बायकांवर येते. दारूड्या नवऱ्याला 'प्रीतीने जिंक' असे सुनेला सांगणारे पंच मी पाहिले आहेत. त्यांना स्वतःला काही भरावे लागत नाही. दुसऱ्याच्या चेकबुकावर सही करून दानशूर होण्यासारखेच ते. पंडिता रमाबाईंनी असा उपदेश केला नाही. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, आणि पुढे पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभे केले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून त्यांनी उपाशी, टाकलेल्या मुली-बायका गोळा करून आणल्या. सोसत राहा असे त्यांना सांगितले नाही. छप्पर दिले, अक्षर दिले, हाताला काम दिले, छापखाना चालवायला शिकवले. प्रीतीचा खर्च आश्रमाच्या जमाखर्चात स्वच्छ मांडलेला होता.

या सगळ्याची कसोटी पाहणारी एक घटना आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात घडली. केरळमधल्या पुल्लुवळी गावची राणी मारिया ही फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाची धर्मभगिनी देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात काम करीत होती. आदिवासी शेतमजुरांना सरकारी योजना समजावून सांगणे, बचतीची सवय लावणे, सावकाराच्या विळख्यातून सोडवणे, असे ते काम. म्हणजे भांडण पुन्हा वहीशीच होते, सावकाराच्या लाल वहीशी. ज्यांचे व्याज बुडू लागले त्यांना ती डोळ्यांत खुपली. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये समुंदर सिंग नावाच्या तरुणाने प्रवाशांच्या देखत तिला भोसकून मारले. अंगावर पन्नासच्या वर जखमा होत्या. ती 41 वर्षांची होती.

समुंदर सिंगला जन्मठेप झाली. तिची धाकटी बहीण सेल्मी पॉल हीही धर्मभगिनीच. स्वामी सदानंद या भगव्या वस्त्रांतल्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी तुरुंगात जाऊन त्या तरुणाशी बोलणे सुरू केले होते. 2002 साली राखी पौर्णिमेच्या सुमारास सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेली आणि आपल्या बहिणीच्या खुन्याच्या मनगटाला तिने राखी बांधली. पुढे त्याला सोडावे म्हणून घरच्यांनीच अर्ज केला. अकरा वर्षांहून अधिक शिक्षा भोगून तो 2006 साली सुटला. 2007 मध्ये तो केरळला तिच्या घरी गेला तेव्हा म्हाताऱ्या आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले. 2017 साली इंदूरमध्ये मोठा समारंभ होऊन कॅथलिक चर्चने राणी मारियाला 'धन्य' घोषित केले.

या हकिगतीत मला दोन गोष्टी लक्षात घ्याव्याशा वाटतात. एक, कुणी न्यायालयाच्या कामात आडवे आले नाही. खटला चालला, शिक्षा झाली, ती भोगलीही गेली. सरकारचे येणे सरकारने वसूल केले. घरच्यांनी सोडले ते त्यांच्या स्वतःच्या खात्यावरचे. दुसरी गोष्ट राखीची. केरळी घरातल्या मुलीच्या हाताशी ही रीत आपसूक आलेली नाही. इकडे येऊन तिने ती उचलली, कारण समोरच्याला कळेल अशी तीच भाषा होती. क्षमा केली असे नुसते पत्र तिला धाडता आले असते. पण राखी बांधली की नाते लागते, आणि नाते लागले की पुढचा खर्च सुरू होतो.

असे उदाहरण दिले की वाचक नमस्कार करतो आणि पान उलटतो. ते संत, आपण संसारी. म्हणून पौलाचेच एक लहानसे पत्र सांगतो. फिलेमोन नावाच्या सुखवस्तू माणसाचा अनेसिम हा गुलाम. तो मालकाला सोडून निघून आलेला, पौलाकडे येऊन पडतो. पौल स्वतः बंदिवासात. तो फिलेमोनला पंचवीस ओव्यांचे पत्र लिहितो. याला आता गुलाम म्हणून नको, भाऊ म्हणून घे, असे सांगतो. आणि याने तुझे काही बुडवले असेल, देणे असेल, तर ते माझ्या नावावर मांड, मी भरीन, हे स्वतःच्या हाताने लिहून देतो. हे सरळ सरळ जामीनपत्र आहे. कर्जदाराचे नाव आहे, धनकोचे नाव आहे, जामीनदाराची स्वदस्तुर नोंद आहे. फक्त रक्कम कोरी आहे. दयाळू शोमरोनी वाटेत पडलेल्या जखमी परक्यासाठी धर्मशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो आणि आणखी लागेल ते परत येताना देईन म्हणतो, तिथेही रक्कम कोरीच. आमच्या बँकेने असल्या कागदावर कुणालाही सही करू दिली नसती. शोमरोन्याची मला आवडणारी बाब अशी की दुसऱ्या दिवशी तो आपल्या कामाला निघून जातो. जखमी माणसाच्या उशाशी बसून गळे काढत नाही.

जामीनदारांच्या सह्या मी नोकरीत हजारोंनी घेतल्या. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखेत असताना, 1990 नंतरची गोष्ट आहे, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी पुतण्याला जामीन राहिले. पुतण्याने रिक्षा घेतली. आठ-दहा हप्ते भरले, मग रिक्षा विकून तो पुण्याकडे गेला. नोटीस गुरुजींना गेली, माझ्याच सहीची. ते दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन आले. आवाज चढवला नाही, पुतण्याला नावे ठेवली नाहीत. किती राहिले ते विचारले, माझ्याकडून आकडा दोनदा म्हणवून घेतला आणि कागदावर लिहून घेतला. तेव्हापासून पेन्शन झाली की त्याच आठवड्यात हप्ता येऊ लागला. पेन्शनचा जवळजवळ निम्मा भाग त्यात जाई.

पाच-सहा महिन्यांनी कॅशियरने मला स्लिपा दाखवल्या. भरणाऱ्याच्या नावाच्या जागी गुरुजी दर वेळी पुतण्याचे नाव लिहीत होते. मी विचारले तेव्हा म्हणाले, "साहेब, त्याच्या खात्यावर त्याचंच नाव बरं दिसतं. पुढं कधी त्याला लागलं तर अडायला नको." कर्ज तीन वर्षांनी फिटले. याच काळात त्यांच्या घरचे मोतीबिंदूचे ऑपरेशन दोनदा पुढे ढकलले गेले होते, हे मला पुढे कळले. ते त्यांचे नव्हते, काकींचे होते. सारे गाव त्यांना काकीच म्हणे.

माझी बदली व्हायच्या थोडे आधी पुतण्या शाखेत आला. अंगाने उतरलेला, लग्न झालेला, बायकोसाठी शिलाई मशीन आणि वर थोडे भांडवल मागत होता. खाते पाहिले. एकही थकबाकी नाही. जामीन कोण, असे मी विचारले. त्याने मान खाली घालून चुलत्याचे नाव सांगितले. गुरुजी बाहेरच्या बाकावर बसलेच होते, तीच छत्री घेऊन. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी खिशाचे पेन काढले, तेवढ्यात दारातून काकी आल्या. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा जाड भिंगांचा चष्मा होता.

"मागच्या टायमाला मला कुणी इचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. गुरुजींनी पेन खाली ठेवले. काकींनी फॉर्म डोळ्यांजवळ धरून वरपासून खालपर्यंत वाचला, रकमेवर बोट ठेवून आकडा वाचला, मग नवऱ्याच्या नावाखाली दुसऱ्या जामीनदाराची रेघ शोधून हळूहळू सही केली. फॉर्म माझ्याकडे सारला आणि पुतण्याकडे वळून म्हणाल्या, "दर महिन्याला हप्ता भरला की पासबुक घेऊन आधी माझ्याकडं यायचं. आणि येशील तवा जेवून जायचं."